२६ की २९ : बीडच्या सायकल दुकानातला एक दिवस

पहाटे ५.४५

शनिवारी दुकान उघडण्याआधी आम्ही तिघं पालीच्या दिशेने निघतो आणि बिंदुसरा धरणाच्या बाजूला डांबर सोडून मुरमाच्या वाटेला लागतो. सोबतची दोन्ही पोरं दुकानामुळे जोडली गेलेली. एक पॉलिटेक्निकला आहे, सहा फुटांना टेकलेला. त्याच्याकडे २९ इंची चाकांची सायकल. दुसरा पतसंस्थेत नोकरीला, उंचीने पाच फूट चार इंच. तो कॉलेजात असताना घेतलेल्या २६ इंचीवर अजून खूश आहे. मी २७.५ चालवतो. कोणतं चाक चांगलं, या प्रश्नावर माझ्या दुकानात रोज वाद होतो. इथे तिन्ही आकडे एकाच वाटेवर असतात, त्यामुळे डोळ्यांनी बघता येतं.

ऑक्टोबर आहे. पाऊस सरलाय, बालाघाटाच्या उतारावरचं कुसळी गवत पिवळं पडायला लागलंय. पावसाने मुरूम वाहून नेलाय आणि वाटेत काळ्या दगडांची डोकी वर आलीत. चढाला २९ वाला या दगडावरून त्या दगडावर जातो, मधला खड्डा त्याच्या चाकाला फारसा लागतच नाही. २६ वाल्याचं पुढचं चाक त्याच खड्ड्यात बसतं आणि त्याला हँडल उचलून ते बाहेर काढावं लागतं. पुढे मेंढरांच्या वाटेचं आखूड वळण येतं, दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ. तिथे २६ वाला नुसती कंबर वळवून निघून जातो. उंच गड्याला मात्र ब्रेक दाबून पाय टेकावा लागतो.

याचा हिशेब सोपा आहे. २.१ इंची टायर धरला तर २९ च्या चाकाचा बाहेरचा व्यास साधारण ७२८ मिलिमीटर भरतो, २६ चा ६६५. दहा सेंटिमीटरचा दगड आडवा आला की मोठं चाक त्याला थोड्या सपाट कोनात भिडतं. फरक जेमतेम दोन अंशांचा, पण तो प्रत्येक दगडाला मिळतो. किलोमीटरभर जायला लहान चाकाच्या ४८० च्या आसपास फेऱ्या होतात, मोठ्याच्या ४३७. उलट बाजूही खरी आहे. मोठ्या चाकाचं वजन जास्त आणि तेही कडेला, त्यामुळे थांबून पुन्हा वेग घ्यायला आणि झटकन वळायला जोर लागतो.

सकाळी ८

सुभाष रोडच्या मागच्या गल्लीतलं शटर वर करतो. हवेचा पंप, पाण्याचं घमेलं, पान्यांचा डबा बाहेर काढतो. भिंतीवर टायर टांगलेत, ट्यूब खुंट्यांवर, प्रत्येक मापाला वेगळी खुंटी.

पहिला तास पंक्चरचाच. बीडच्या रानात सराटे आणि बाभळीचे काटे कोणाच्या चाकाचं माप विचारत नाहीत. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे, काचकागदाने जागा खरडायची, सोल्युशन लावून सुकू द्यायचं, मग पॅच दाबायचा. टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढल्याशिवाय ट्यूब परत घालायची नाही. काटा बहुधा तिथेच रुतून बसलेला असतो आणि गिऱ्हाईक पाच मिनिटांत परत येतं.

सकाळी ९.३०

पाटोद्याकडचे एक तात्या हातात नवा टायर घेऊन येतात. नात आठवीत, लेडीज सायकलवर शाळेला जाते. मागचा टायर फाटला म्हणून त्यांनी बाजारातून दुसरा आणला.

“बघा की, सायकल सव्वीस, टायर बी सव्वीसचाच. पण काही केल्या बसंना. पोरीची शाळा बुडायलीय.”

टायरच्या कडेला रबरात उठवलेले आकडे मी त्यांना बोट ठेवून दाखवतो. त्यांनी आणलेल्या टायरवर ‘५०-५५९’ आहे. फाटलेल्या टायरवर धूळ पुसल्यावर ‘३७-५९०’ दिसतं. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा. दुसरा म्हणजे टायरची कड रिमवर जिथे बसते तिथला व्यास. दोन्ही टायरांवर मोठ्या अक्षरात २६ लिहिलंय, पण एक रेंजरचा आहे आणि दुसरा लेडीजचा, मध्ये ३१ मिलिमीटरचं अंतर. आमच्याकडे जाड टायरच्या आणि सरळ हँडलच्या प्रत्येक सायकलला रेंजरच म्हणतात.

चाकाचा सगळा वाद या दुसऱ्या आकड्यात आहे. रेंजरचं २६ म्हणजे ५५९, २७.५ म्हणजे ५८४, २९ म्हणजे ६२२. दुधाच्या कॅन वाहणारी आपली जुनी काळी सायकल, जिला आम्ही अठ्ठावीस-दीड म्हणतो, तिची रिम ६३५ ची. म्हणजे आज ज्याला मोठं चाक म्हणून मिरवतात त्याच्यापेक्षा आपल्या आजोबांच्या सायकलची रिम १३ मिलिमीटर मोठी. टायर बारीक असल्यामुळे बाहेरून ती थोडी लहान दिसते इतकंच. खडीच्या आणि मातीच्या रस्त्यावर, मागे ओझं बांधून, मोठं चाक बरं पडतं हे या मुलखाला ठाऊक आहे.

तात्यांना बरोबर टायर देतो. आणलेला टायर कोरा आहे, त्याला माती लागलेली नाही. दुकानदार परत घेईल.

सकाळी ११

उंच पोराचं मागचं चाक आऊट झालंय. सकाळच्या दगडांचा प्रसाद. चाक चिमट्यात अडकवून फिरवतो आणि रिमजवळ खडू धरतो. जिथे रिम बाहेर येते तिथे खडूची रेघ उमटते. रेघ डावीकडे उमटली की तिथला उजवा स्पोक पाव फेरा आवळायचा, डावा तेवढाच सैल करायचा, पुन्हा फिरवायचं. घाई केली की चाक एका जागी सरळ होतं आणि दुसरीकडे वाकडं. रेघ लांबट होत होत पूर्ण रिमवर सारखी उमटली की काम झालं.

मोठ्या चाकाची ही दुखरी बाजू आहे. स्पोक लांब होतात पण हब तेवढाच अरुंद राहतो, त्यामुळे बाजूने बसणारा धक्का सोसायची ताकद कमी होते. कंपन्यांनाही हे कळलं, म्हणून त्यांनी डोंगरी सायकलींचा मागचा हब १४२ मिलिमीटरवरून १४८ पर्यंत रुंद केला. अठ्ठावीस-दीडच्या कारागिरांनी त्यावर फार पूर्वी वेगळा उपाय केला होता, पुढच्या चाकाला ३२ स्पोक आणि मागच्याला ४०. ज्या चाकावर ओझं, त्याला तारा जास्त. आठ स्पोकांनी वजन थोडं वाढतं, पण दोन कॅन बांधून खडीवरून आलेलं चाक सरळ राहतं.

दुपारी १

डबा उघडणार तेवढ्यात एक गृहस्थ मुलाला घेऊन येतात. मुलगा तेरा वर्षांचा. वडिलांना २९ च घ्यायची आहे. “मोठी घेतली म्हणजे पुन्हा घ्यावी लागायची नाही. वाढत्या अंगाचं पोरगं आहे.”

मी मुलाला दुकानातल्या २९ वर बसवतो. दोन्ही पाय टेकायचे तर तो मधल्या नळीवरच येतो. मग पायडल आडवं ठेवून हँडल पूर्ण वळवायला सांगतो. बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासतं. वडिलांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून मी ते दोनदा करून दाखवतो. लहान फ्रेममध्ये मोठं चाक कोंबलं की चाक पायाजवळ येतं आणि हँडल उंच जातं. मंद वेगात, गर्दीत किंवा चढाच्या वळणावर बूट अडकला तर पोरगं पडणारच.

मग २४ वर बसवतो, मग लहान फ्रेमच्या २६ वर. २६ वर त्याचे पाय टेकतात, कोपर किंचित वाकलेलं राहतं, गल्लीतून चक्कर मारून येताना चेहरा खुललेला असतो. दोन वर्षांनी सीट वर घेता येईल. वडील अजून विचारात आहेत. संध्याकाळी येतो म्हणतात.

कपडे वाढत्या अंगाचे घ्यावेत, सायकल आजच्या पायाची घ्यावी. हे मी प्रत्येक पालकाला सांगतो आणि सांगत राहणार.

दुपारी ३

धारूर तालुक्यातले एक दादा पोराच्या सायकलला ब्रेकच्या गट्ट्या बसवायला आलेत. उचल घेतलीय. दिवाळी झाली की दोघं नवरा-बायको ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जाणार. पोरगा आजीजवळ राहील आणि या सायकलवर शाळा करील. म्हणून जायच्या आत सगळं घट्ट करून घ्यायचंय.

चाकांचा विषय निघतोच. त्यांच्या वडिलांची गाडी लाकडी चाकांची होती, माणसाच्या छातीएवढी उंच चाकं, तुंब्यात बसवलेले आरे, वरून लोखंडी धाव. लोहार धाव तापवून चढवायचा आणि पाणी मारताच ती आवळून बसायची. आता ऊस ओढतात त्या टायरगाड्या, बुटक्या चाकांच्या. मी विचारतो, बैलाला कोणती हलकी?

“ते रस्त्यावर हाय. डांबरावर टायरगाडी पळती. ओल्या फडातनं काढायची म्हणलं की मरण. तुमी चाक बघायलात, आमी बैलाची मान बघतो.”

ओझं चाकावर दिसतं, पण ते ओढणाऱ्याच्या अंगावर पडतं. सायकलीत बैलही आपणच आणि गाडीवानही आपणच. चाक निवडताना चढावर मांडी किती भरते, उतारावर हात किती थकतात, हे ज्याचं त्याने बघायला हवं. मी पोराच्या सायकलची चेन पुसून तेल देतो आणि एक जादा ट्यूब पिशवीत टाकतो. त्याचं माप साधं आहे, गावातल्या किराणा दुकानातही मिळेल असं.

दुपारी ४.३०

चहा येतो, सोबत दोन-तीन पोरं. मोबाईलवर परदेशी शर्यती बघून आलेली, म्हणून मग मी त्यांना मूळ कथा सांगतो.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या श्विन सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या उतारावरून सोडायचे. १९७६ पासून तिथे रीपॅक नावाची शर्यत सुरू झाली. त्या सायकलींना २६ इंची जाड टायर होते आणि तसे जाड टायर त्याच मापात सहज मिळत. म्हणून जगभरच्या डोंगरी सायकलींचं माप २६ ठरलं. जे हाताशी होतं ते त्यांनी वापरलं. ६२२ च्या रिमवर बसणारा खरा जाड टायर १९९९ च्या सुमारास आला, आणि मरीनच्याच टोळीतला गॅरी फिशर २९ च्या मागे ठामपणे उभा राहिला. त्याला लोक हसले. पुढे त्याचंच माप जगभर पसरलं.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी २९ वर होता आणि स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर २७.५ वर. कुल्हावी उंचपुरा, शुर्टर त्याच्यापेक्षा बराच बुटका. सुवर्णपदक कुल्हावीने नेलं, अवघ्या एका सेकंदाने. चार वर्षांनी रिओत शुर्टरने सुवर्ण जिंकलं तेव्हा तोही २९ वर आला होता.

“म्हणजे २९ च खरं,” एक पोरगा म्हणतो.

शर्यतीत, त्या दर्जाच्या अंगाला आणि मागे मेकॅनिक, सुटे भाग, चाकांचा ढीग असताना, हो. मी ते मोकळ्या मनाने मान्य करतो. पण त्यांच्यासमोर खुंटीवरच्या ट्यूबही धरतो. कपिलधारला गेलात आणि मांजरसुंब्याच्या घाटात ट्यूब फाटली, तर जवळच्या गावात २९ ची ट्यूब बहुतेक मिळणार नाही. २६ ची मिळेल. अडचणीला २६ ची ट्यूब ताणून २७.५ मध्ये घालून घरी येता येतं. २९ घ्यायची तर पिशवीत जादा ट्यूब, पॅच आणि पंप ठेवा, आणि चाकाचे स्पोक दर दोन-तीन महिन्यांनी तपासून घ्या. एवढं करणार असाल आणि उंची पावणेसहा फुटांच्या पुढे असेल, तर बालाघाटाच्या दगडांना २९ सारखं चाक नाही.

आणि काळ्या रानात पावसाळ्यात कोणतंही माप उपयोगाचं नाही. तिथे बघायचं ते टायर आणि चिमट्यामधलं अंतर. चिखल अडकला की २६ आणि २९ दोन्ही खांद्यावर घ्याव्या लागतात.

संध्याकाळी ६.३०

दुपारचे गृहस्थ परत येतात. घरी बोलणं झालंय. २६ ठरलं. मुलाने रंग निवडलाय. मी सीट बसवतो, हँडल त्याच्या खांद्यांना जुळवतो, ब्रेकचे लिव्हर त्याच्या बोटांना पोचतील असे आत घेतो. मागचा ब्रेक आधी, पुढचा जरा मागून, हे त्याच्याकडून चारदा करून घेतो.

रात्री ८.३०

शटर अर्धं खाली. घाऊक व्यापाऱ्याला सोमवारची यादी पाठवायची आहे. सगळ्यात वर ५५९, रेंजरच्या ट्यूब आणि टायर. खाली ५९०, लेडीजसाठी. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, त्या चालत राहायच्या तर पोरींना गावाजवळ टायर मिळालाच पाहिजे. मग ६३५, दूधवाल्यांसाठी. नंतर ५८४ आणि शेवटी ६२२.

महागड्या डोंगरी सायकलींतून २६ गेली, हे मला मान्य आहे. पण त्या बाजारामागे धावून आपल्या खुंट्यांवरून ५५९ उतरवली, तर तोटा ठेंगण्या माणसांचा, शाळेच्या पोरांचा आणि तालुक्याला ट्यूब शोधत जाणाऱ्यांचा होईल. २९ ज्याला जमते त्याने ती जरूर घ्यावी, मी स्वतः चाक सरळ करून देईन. दुकानदार म्हणून माझं काम पाचही आकडे ठेवण्याचं आहे. म्हणून यादीत ६२२ चे टायर यंदा वाढवले, आणि ५५९ मधला एकही कमी केला नाही.