बाबांची गोळी एक दिवसाआड का होती?

या भागात जे बोललो, ते थोडं नीट करून इथे देतोय.

२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. बाबांचा एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, ७.१ वरून ८.६ वर गेला. डॉक्टर आणखी एक गोळी वाढवायच्या बेतात होते. तेवढ्यात आई म्हणाली, "डॉक्टर, हे ती महागाची गोळी एक दिवसाआड घेतात." बाबा गप्प. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "अरे, पेन्शनमधून एका गोळीचे महिन्याला १८०० रुपये? जिवावर येतं."

विचार करा, आई बोलली नसती तर? डॉक्टरांना वाटलं असतं की औषध कमी पडतंय. म्हणजे पैसे वाचवायला गोळी चुकवायची आणि त्यापायी आणखी एक विकत घ्यायची!

बाबांची गोळी होती एम्पाग्लिफ्लोझिन. पूर्वी एक गोळी साधारण ६० रुपयांना पडायची. मार्च २०२५ मध्ये भारतातलं तिचं पेटंट संपलं आणि अनेक भारतीय कंपन्यांनी तेच औषध बाजारात आणलं, काहींनी १० रुपयांच्या आत. बाबा मात्र जुनी चिठ्ठी दाखवून जुनाच ब्रँड आणत होते. सिटाग्लिप्टिनचंही असंच झालं. २०२२ मध्ये पेटंट संपलं आणि त्याच वर्षी जनौषधी केंद्रात ५० मिलिग्रॅमच्या १० गोळ्या ६० रुपयांना मिळायला लागल्या.

मग केमिस्टच का बदलून देत नाही? कारण चिठ्ठीवर जो ब्रँड लिहिलाय, त्याच्या जागी दुसरा द्यायची त्याला कायद्याने परवानगी नाही. त्यामुळे बोलायचं ते डॉक्टरांशीच.

आता करायचं काय?

१. स्ट्रिपवरचं ब्रँडचं नाव सोडा, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचा. एका गोळीत दोन औषधं असतील तर दोन्ही टिपून घ्या.

२. जनौषधी सुगम अॅपवर ते नाव टाका. किंमत आणि जवळचं केंद्र दोन्ही दिसतं.

३. डॉक्टरांना सरळ विचारा, "हेच औषध स्वस्तात मिळेल का? मूळ नावाने लिहून द्याल का?" यात लाजण्यासारखं काही नाही.

४. गोळी आपल्या मनाने अर्धी करू नका. एसआर किंवा ईआर लिहिलेली गोळी हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. ती कुटून किंवा चावून घ्यायची नसते.

५. इन्सुलिनच्या बाबतीत जास्त जपा. पेनपेक्षा बाटली स्वस्त पडते, पण आपल्याकडे साध्या इन्सुलिनची बाटली बहुतेक ४० युनिटची असते आणि पेनमधलं १०० युनिटचं. ४० च्या बाटलीला ४० चीच सिरिंज लागते. चुकीची घेतली तर डोसच चुकतो. हा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

बाबांची चिठ्ठी त्याच दिवशी बदलली. आता महिन्याला ३०० रुपये लागतात आणि गोळी रोज पोटात जाते. नवी गोळी मात्र वाढवावी लागली नाही.

आज घरी फोन कराल तेव्हा "गोळ्या घेता ना?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. विचारा, "औषधांचं बिल किती येतं?" खरी गोष्ट तिथून कळेल.