ग्रास कटर नीट चालत नाहीये? आधी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली: "पाऊस संपला, गवत कमरेएवढं झालंय आणि मशीन सुरू होत नाहीये, काय करू?" म्हणून आजचा भाग पेट्रोलवर चालणाऱ्या ग्रास कटरचा. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं आहे, त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

सुरुवात घरच्याच गोष्टीने करतो. माझा चुलतभाऊ कोकणात लोकांच्या आंबा-काजूच्या बागांमधलं गवत काढून देतो. दसऱ्यापासून दोन महिने हाच त्याचा खरा सीझन. गेल्या वर्षी मशीन जरा दबल्यासारखं वाटलं, म्हणून याने कार्ब्युरेटरचा एक स्क्रू आत पिळला. मशीन काय सुसाट पळायला लागलं! भाऊ खूश. तिसऱ्या दिवशी दुपारी कड्कन आवाज आला आणि इंजिन जॅम. मेस्त्रीने सिलेंडर उघडून दाखवला, पिस्टनवर उभे ओरखडे. म्हणाला, "अरे बाबा, इंजिनाला तहानलेलं ठेवून पळवलंस तू." भर सीझनमध्ये मशीन गेलं आणि घेतलेली कामं दुसऱ्याला द्यावी लागली.

असं का झालं, हे कळलं की अर्धा मेंटेनन्स कळला.

आधी तेल

टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइलच पिस्टन, बेअरिंग सगळ्याला वंगण देतं. म्हणजे पेट्रोल कमी गेलं की वंगणही कमी, आणि थंडावाही कमी. भावाने स्क्रू पिळून नेमकं हेच केलं होतं.

ऑइल किती घालायचं? तुमच्या मशीनच्या पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणावर प्रमाण दिलेलं असतं. २५:१ असेल तर १ लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. अंदाजाने "एक टोपण" घालू नका, औषधाचं मापाचं टोपण किंवा सिरिंज वापरा. आधी वेगळ्या कॅनमध्ये मिसळा, हलवा, मग टाकीत ओता. आणि मशीन फोर-स्ट्रोक असेल तर हे सगळं विसरा. त्यात साधं पेट्रोल आणि ऑइल वेगळं.

पेट्रोल लागेल तेवढंच आणा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडच्या दमट हवेत महिनाभर पडून राहिलेलं पेट्रोल म्हणजे कार्ब्युरेटरच्या दुखण्याला आमंत्रणच.

मग हवा आणि ठिणगी

मशीन दबतंय, धूर मारतंय, असं वाटलं तर स्क्रूला हात लावण्याआधी तीन गोष्टी बघा. मात्र त्याआधी इंजिन बंद, थंड आणि प्लगची कॅप काढलेली. हा नियम प्रत्येक वेळी, दोरी बदलतानासुद्धा.

पहिला, एअर फिल्टर. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, मगच बसवा. सुक्या गवतात काम असेल तर रोज बघा. फिल्टर तुंबला की हवा कमी पडते आणि मशीन दबतं. भावाच्या मशीनचं खरं दुखणं एवढंच निघालं!

दुसरा, स्पार्क प्लग. टोक फिकट तपकिरी असेल तर तब्येत उत्तम. काळं, ओलं असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होतंय. पांढरंफटक असेल तर इंजिन तापतंय, काम थांबवा. गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिमी असते.

तिसरा, टाकीतला छोटा फ्युएल फिल्टर. वाकवलेल्या तारेने बाहेर ओढा. काळा पडला असेल तर बदला, स्वस्तातली गोष्ट आहे.

आता ते तीन स्क्रू

कार्ब्युरेटरवर बहुतेक वेळा एल, एच आणि टी असे स्क्रू असतात. एल म्हणजे कमी वेगाचं पेट्रोल, एच म्हणजे पूर्ण वेगाचं. हे दोन्ही आत पिळले की पेट्रोल कमी होतं. टी फक्त आयडलिंग ठरवतो.

मशीन पाचेक मिनिटं चालवून गरम करा. रेस सोडल्यावरही पुढचं हेड फिरत असेल तर टी थोडा बाहेर सोडा. इंजिन चालू आणि हेड स्थिर, हे हवं. टी सोडूनही फिरतच राहिलं तर क्लच दाखवा, तसं मशीन वापरू नका. रेस देताना इंजिन अडखळत असेल तर एल अगदी अष्टमांश फेरा बाहेर सोडून बघा. आणि एच? त्याला टॅकोमीटर असलेल्या मेस्त्रीशिवाय कोणीही हात लावायचा नाही. वेग वाढला म्हणजे ताकद वाढली असं नसतं.

दोरी आणि गिअर

नायलॉन दोरी हेडवरच्या बाणाच्या दिशेनेच गुंडाळा, एकावर एक आडवीतिडवी नको. दोरी सुकून तुकडे पडत असतील तर आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला. पुस्तकात दिलेल्यापेक्षा जाड दोरी घालू नका, क्लच आणि इंजिन दोन्हीवर ताण येतो. खाली गिअर बॉक्सला छोटा बोल्ट असतो, तिथून साधारण २५ तासांनी ग्रीस बघा.

लहान कलमांच्या बुंध्याजवळ मात्र मशीन नेऊच नका. दोरीने साल गोल सोलली गेली की कलम मरतं. तिथे कोयताच बरा. गॉगल, बूट आणि मशीनचं गार्ड, यांना सुट्टी नाही. दगड कुठून उडेल सांगता येत नाही.

सीझन संपल्यावर

टाकी रिकामी करा, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. थंड झाल्यावर प्लग काढून आत टू-टी ऑइलचे चार थेंब सोडा, दोरी हळू दोनदा ओढा, प्लग परत लावा. बस्स.

भावाने यंदा नवा ब्लॉक-पिस्टन घालून मशीन उभं केलंय. त्याच्या पिशवीत आता मापाची सिरिंज आणि एक जादा एअर फिल्टर असतो. स्क्रूड्रायव्हर मात्र वहिनीने काढून ठेवलाय!

तुमचं मशीन कुठे अडतंय ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात, तोवर डोळे सांभाळा!