दार लाव, कुकर लाव, दिवा लाव

चाळिशी उलटल्यावर पुन्हा पाटी-पेन्सिल हातात घ्यावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं. मी मेकॅनिकल इंजिनियर. कॉलेजात 'सी' शिकलो, परदेशात एम.एस. करताना आकडेमोडीचे प्रोग्रॅमही लिहिले. ते सगळे पाककृतीसारखे, वरून खाली सरळ वाचत जायचे. गेल्या वर्षी आमच्या ऑफिसातली यंत्रांची देखरेख जावात लिहिलेल्या नव्या प्रणालीवर गेली आणि हाताखालची पंचविशीतली मुलं 'क्लास', 'ऑब्जेक्ट', 'इन्हेरिटन्स' असं बोलू लागली. मी नुसती मान डोलवायचो. जपानीत एक शब्द आहे, मादोगिवा-झोकु. म्हणजे खिडकीकडेची जमात. पगार चालू, पण विचारायला कुणी येत नाही. आपली खुर्ची हळूहळू खिडकीकडे सरकते आहे की काय, या धास्तीने झोप उडाली.

इचिकावाहून जलद गाडीने तोक्यो स्टेशन वीसेक मिनिटांवर. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे जावाचे धडे मराठीतही आहेत, आणि एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा. एदोगावाचा पूल ओलांडेपर्यंत पहिला धडा रंगात आलेला असायचा. धडा बघता बघता सोबत टाइप करावं, अशी त्यांची पद्धत. सकाळच्या त्या गर्दीत हात वर काढायची सोय नाही, तिथे टाइप कसलं करणार! ते रात्री, जेवणं आटोपल्यावर.

क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेली वस्तू, एवढं पटकन कळलं. पूर्वी मी बारा पंपांची तापमानं एका रांगेत आणि दाब दुसऱ्या रांगेत ठेवत असे. एक आकडा सरकला की पाचव्या पंपाचा ताप सहाव्याच्या अंगावर! आता प्रत्येक पंप आपलं तापमान, आपला दाब स्वतःजवळ बाळगतो. एनकॅप्सुलेशनही जमलं. आपलं रेल्वेचं सुइका कार्ड घ्या. त्यातली शिल्लक आपल्याला थेट खोडता येत नाही, ठरलेल्या व्यवहारातूनच ती बदलते.

घोडं अडलं ते पॉलिमॉर्फिझमपाशी. तीन रात्री डोकं आपटलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी सौ.ला यायला उशीर होणार होता, म्हणून तिने फोनवरून लेकीला फर्मावलं, "दार लाव, कुकर लाव आणि देवाजवळ दिवा लाव." मी ऐकतच राहिलो. शब्द एकच. पण दार बंद होतं, दिवा पेटतो आणि कुकर गॅसवर चढतो. सांगणाऱ्याने फक्त 'लाव' म्हणायचं, त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावायचा (पुन्हा लावायचाच!). माझ्या प्रोग्रॅममध्ये 'हा पंप असेल तर असं, ती झडप असेल तर तसं' अशी लांबलचक यादी होती. ती त्या रात्री काढून टाकली. पंप, झडप, पंखा यांना आता एकच आज्ञा जाते, 'तपासणी कर'. कशी करायची ते ज्याचं त्याला ठाऊक.

ही विचारसरणी काही आजची नव्हे. १९६७ साली ऑस्लोत डाल आणि नीगार्ड यांनी 'सिम्युला ६७' ही भाषा मांडली, ती खऱ्या जगातल्या घडामोडींची नक्कल करण्यासाठीच. आणि १९९५ साली इथल्याच युकिहिरो मात्सुमोतो यांनी 'रुबी' प्रसिद्ध केली. तिच्यात साधा आकडासुद्धा ऑब्जेक्ट असतो. इतकी वर्षं जपानात राहून हे मला ठाऊक नव्हतं, काय म्हणावं!

सध्या 'एनपीटेल'वर जावाचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम करतो आहे. शिकायला पैसे पडत नाहीत. दर बुधवारी रात्री बाराच्या आत गृहपाठ पाठवायचा असतो. पण ते भारतातले बारा, म्हणजे आमच्याकडे गुरुवार पहाटेचे साडेतीन. प्रमाणपत्राची परीक्षा मात्र भारतातल्या केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. म्हणून एप्रिलमध्ये पुण्याचं तिकीट काढलं आहे. सौ. म्हणते, "लोक आंबे खायला जातात, तुम्ही पेपर द्यायला चाललात!"