मुक्तिसदनाची रीत

पंडिता रमाबाई नम्र नाहीत, अशी सिस्टर जेराल्डीन यांची कायमची तक्रार होती. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाकडे राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जेराल्डीन या तिथल्या त्यांच्या धार्मिक मार्गदर्शक. ख्रिस्ती झाल्यावरही रमाबाई शाकाहारी राहिल्या, तर त्यात जेराल्डीनना जातीचा ताठा दिसला. पुढे इंग्लंडमधल्याच चेल्टनहॅमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विचार निघाला. भारतातल्या बिशपांनी त्याला हरकत घेताच रमाबाईंनी खरमरीत उत्तर दिले. श्रद्धेच्या बाबतीत आपली विवेकबुद्धी पाद्र्यांच्या हवाली करायला त्या तयार नव्हत्या. या पत्रव्यवहारात नम्रता म्हणजे आज्ञापालन, असे एक पक्ष धरून बसला होता. दुसऱ्या पक्षाला नम्रता नेमकी कशात वाटत होती, ते पुढे भारतात, केडगावच्या मुक्तिसदनात दिसले.

त्या नम्रतेचे बीज इंग्लंडमध्येच पडले होते. भगिनीसंघाने त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपले काम दाखवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळत होता. अशा स्त्रियांना शिक्षा न देता मायेने वागवतात, हे रमाबाई प्रथमच पाहत होत्या. यामागचे कारण विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. आपल्या धर्मांतराच्या वाटेवरचा हा महत्त्वाचा टप्पा होता, असे त्यांनी आत्मवृत्तात नोंदवले आहे.

इंग्लंडहून त्या अमेरिकेला गेल्या. तिथून निधी जमवून भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलले. तिथल्या ब्राह्मण विधवांना आपले सोवळे-ओवळे पाळण्याची मुभा होती. ख्रिस्ती झालेल्या बाईने दुसऱ्यांचे सोवळे सांभाळावे, ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. पण रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या आणि १८९३ मध्ये गहजब झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

खरी कसोटी दुष्काळाने घेतली. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील गेले होते. उपासमार त्यांनी स्वतः भोगलेली होती. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि पुढच्या काही महिन्यांत सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. म्हणून पुणे–दौंड लोहमार्गावर केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय झाली. हेच मुक्तिसदन. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तिथली वस्ती २,००० च्या घरात गेली.

अशा ठिकाणी करुणा म्हणजे आधी न्हाऊमाखू घालणे. आलेल्या मुलींच्या अंगावर खरूज आणि गळवे, डोक्यात उवा. उपाशी आतड्याला एकदम पोटभर जेवण सोसत नाही, म्हणून अन्नही बेताबेताने द्यावे लागे. हे सगळे पगारी माणसांवर सोपवणे शक्य नव्हते. आधी आलेल्या मुलींकडे नव्या मुली सोपवल्या जात. जन्माने सोवळ्यातल्या बाईने कोणत्याही जातीच्या पोरीची जखम धुवायची, ही या घराची रीत पडली. जातीविरुद्ध शंभर व्याख्याने देऊनही जे जमले नसते, ते इथे एका घंगाळाभोवती घडत होते. ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवली. माग, तेलघाणी, गोठा, शेती आणि छापखाना ही कामे बायकाच चालवीत. दुसऱ्याच्या दयेवर जन्म काढावा लागू नये, हा त्यामागचा हिशेब.

या करुणेला एक अवघड बाजूही आहे. दुष्काळात आणलेल्या मुली ख्रिस्ती वातावरणात वाढल्या आणि बहुतेक ख्रिस्ती झाल्या. भुकेल्या पोरीची निवड कितपत मोकळी असते, हा टीकाकारांचा प्रश्न रास्तच होता. रमाबाईंच्या मनात मात्र अन्न आणि सुवार्ता यांची फारकत नव्हतीच, आणि त्यांनी ते कधी लपवलेही नाही.

शेवटची बरीच वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. प्रचलित भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे, कमी शिकलेल्या बाईच्या ते डोक्यावरून जाई. नव्या भाषांतरासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना १८७८ मध्ये ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, त्या विदुषीने आपली सारी विद्वत्ता नुकतीच अक्षरओळख झालेल्या बायकांसाठी सोपे वाक्य लिहिण्यात खर्च केली. त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत कठीण नम्रता म्हणावी लागेल. मुक्तिसदनातल्या बायकांनी खिळे जुळवले, प्रुफे काढली. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. भाषांतर त्यांनी हातावेगळे केले होते. १९२४ मध्ये ते केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. निराधार स्त्रिया आणि मुलांना आसरा देण्याचे संस्थेचे काम आजही तिथे चालू आहे.