खलनायिकेला कुणी ‘का’ विचारले?

जेम्स बॉण्डच्या जुन्या चित्रपटांत एक बाई हमखास असायची. देखणी, धीट आणि शत्रूच्या गोटातली. तिच्यापुढे वाटा दोनच. एक तर बॉण्डवर भाळून सुधारायचे, नाही तर मरायचे. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मधली वैमानिक पहिल्या वाटेने गेली. १९६५ च्या ‘थंडरबॉल’मधली फिओना बॉण्डला तोंडावर सुनावते की, तुझ्या नादाने मी बदलणारी नव्हे. थोड्याच वेळात, त्याच्याबरोबर नाचत असताना, तिच्याच माणसाची गोळी तिला लागते. ती या मार्गाला का लागली, हे मात्र आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

मौज अशी, की हा ‘का’ आपल्याकडे बॉण्डच्या कितीतरी आधी विचारला गेला होता. १९३६ साली ‘प्रभात’ने ‘अमरज्योती’ हा हिंदी चित्रपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. त्यात दुर्गा खोटे चक्क समुद्रावरच्या लुटारूंची म्होरकी झाल्या होत्या! पण ही सौदामिनी उगाच तलवार उपसत नाही. पोटच्या मुलाचा ताबा तिला कायद्याने नाकारलेला असतो, म्हणून ती राज्यावर उलटते. बाईच्या रागामागचे कारण प्रेक्षकांना ठाऊक होते.

पुढे हे कारण पडद्यावरून हळूहळू गळत गेले. येवल्याच्या ललिता पवार आधी नायिका होत्या. १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांचा डोळा कायमचा अधू झाला आणि पुढे खाष्ट सासवा वाट्याला आल्या. १९४४ च्या ‘रामशास्त्री’त त्या आनंदीबाई झाल्या. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला याला पक्का पुरावा नाही; पण आपल्या भाषेने तो गुन्हा केव्हाच शाबीत करून टाकला आहे.

मग आल्या सोलापूरच्या शशिकला. ‘आरती’ (१९६२) आणि ‘गुमराह’ (१९६३), दोन्हींसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ‘गुमराह’मध्ये त्या नायिकेला धमकावून पैसे उकळतात. अखेरीस कळते, की ही तर नवऱ्याची सेक्रेटरी, त्यानेच पाठवलेली. म्हणजे एका अर्थी हेरच! पण परभणीच्या उरुसात तंबूतल्या सिनेमाला आलेल्या आमच्याकडच्या बायाबापड्या ते विसरत. घरी येईपर्यंत त्या शशिकलेच्या नावाने बोटे मोडत. याच शशिकलांनी पुढे कलकत्त्याला मदर तेरेसांकडे सेवा केली आणि २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे त्यांतल्या कितीजणींना कळले असेल?

सिनेमा तंबूतच राहता तर बिघडले नसते. पण सेलूला आमच्या गल्लीत एक शिक्षिका एकट्या राहत. सायकलवरून शाळेत जायच्या, उन्हात काळा चष्मा लावायच्या, मोकळे हसायच्या. एवढ्यावर त्यांचे नाव पडले ‘शशिकला’. हळदीकुंकवाचे बोलावणे त्यांना नसे. नळावर त्या आल्या की बोलणे थांबे.

एकदा संक्रांतीला आमची आई वाण घेऊन त्यांच्याकडे गेली आणि सरळच म्हणाली, “बाई, एकट्या का राहता हो?” मी दारातच उभा होतो. बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग सांगितले, की शिकायचा हट्ट धरला म्हणून सासरच्यांनी घराबाहेर काढले आणि मुलगा ठेवून घेतला. दर महिन्याला त्या त्याला पत्र टाकत. उत्तर एकदाही आले नव्हते.

पुढच्या वर्षी आमच्याकडच्या हळदीकुंकवाला बाई आल्या. दोघीतिघी तेवढ्यात उठून गेल्या, बाकीच्या बसल्या. आईने कुणाला काही समजावले नाही. तिने बाईंना उखाणा घ्यायला लावला नाही, शेजारी बसवून घेतले, एवढेच.

आज खलनायिका मालिकांतून रोज संध्याकाळी घरात येते. भुवया उंचावते, कट रचते, आपणही तिला शिव्या देतो. खुशाल द्याव्यात, तिला त्याचेच पैसे मिळतात! पण टीव्ही बंद केल्यावर तिचे नाव शेजारच्या कुणाला चिकटवण्याआधी तिच्या दारी एकदा जाऊन यावे. वाण नेले तर उत्तमच.