बिटा पाकाची वाट

‘ऑस्ट्रेलिया’ या युद्धनौकेवर 12 इंची तोफा होत्या. त्यांचा गोळा कोसच्या कोस जाऊन पडे. तरीही 11 सप्टेंबर 1914 च्या सकाळी न्यू ब्रिटन बेटावर काबाकाऊल इथे उतरलेल्या 25 ऑस्ट्रेलियन नौसैनिकांना या तोफांचा काडीचा उपयोग नव्हता! गोळा टाकायचा तर शत्रू कुठे आहे ते कळायला हवं, आणि त्या किर्र झाडीत चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं.

बेट तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. याप, नौरू, सामोआ अशी त्यांच्या बिनतारी केंद्रांची साखळी पॅसिफिकभर पसरली होती, आणि तिचीच एक कडी होती किनाऱ्यापासून 7 किलोमीटर आत, बिटा पाकाला. समुद्रात हिंडणाऱ्या जर्मन अॅडमिरल फॉन श्पे यांच्या ताफ्याला इथून संदेश जाण्याची भीती होती. याच ताफ्यातून वेगळ्या झालेल्या ‘एमडन’ या युद्धनौकेने 22 सप्टेंबरला मद्रासवर गोळे टाकले. तेव्हा लंडनला ही केंद्रं बंद पाडण्याची घाई का झाली होती, ते समजतं.

लेफ्टनंट बोवेन यांच्या हाताखालची ही 25 माणसं राखीव नौदलातली. जंगलातून एकच अरुंद वाट जात होती, आणि पेच असा की वाटेने जावं तर नेम धरून बसलेल्यांच्या तोंडी जायचं, झाडीत शिरावं तर वेलींनी पाय धरायचे आणि बाजूचा सोबतीही दिसेनासा व्हायचा. शिवाय वाटेखाली पाइपमध्ये भरलेले सुरुंग पुरून ठेवलेले! त्यांच्या तारा दूरवर नेलेल्या, म्हणजे टेहळणी करणाऱ्याने कळ दाबली की स्फोट.

झाडीतून चाललेल्यांना जर्मन अधिकाऱ्यांच्या हाताखालची मेलानेशियन शिपायांची एक तुकडी अचानक दिसली. चकमकीत माउडरर नावाच्या जर्मनाच्या हाताला गोळी लागली. बोवेन यांनी त्याला पुढे घालून चालवलं आणि ‘800 सैनिक उतरलेत’ असं जर्मनमधून ओरडायला लावलं. निव्वळ थाप! पण जिथे कुणालाच काही दिसत नाही, तिथे थापही मोठं हत्यार ठरते.

सगळ्यांत चटका लावते ती डॉक्टर ब्रायन पॉकली यांची हकिगत. जखमी खलाशी विल्यम्सला मागे नेणाऱ्या शिपायाच्या दंडावर त्यांनी स्वतःची रेडक्रॉसची पट्टी बांधली. थोड्याच वेळात त्यांनाच गोळी लागली. विल्यम्स आणि पॉकली, दोघंही त्याच दिवशी गेले. मागाहून कुमक घेऊन आलेले एलवेल हल्ल्याच्या अग्रभागी पडले. एकूण 6 ऑस्ट्रेलियन गेले. समोरच्या बाजूला एक जर्मन आणि सुमारे 30 मेलानेशियन. युरोपातल्या भांडणाशी या मेलानेशियनांचा काय संबंध होता, हा प्रश्न मला या लढाईच्या वर्णनांत फारसा विचारलेला दिसत नाही.

7 किलोमीटरला दिवस गेला. संध्याकाळी केंद्र हाती लागलं, तेव्हा तिथे कुणी नव्हतं. उंच मनोरा पाडून ठेवला होता, यंत्रं मात्र शाबूत होती.

आज बिटा पाकाला युद्ध-समाधिस्थळ आहे. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरला पकडून जपान्यांनी या बेटावर आणलेल्या भारतीय सैनिकांच्याही समाध्या तिथे आहेत.