केव्ह डायव्हिंग शिकायचंय? कार्ड कोणत्या संस्थेचं यापेक्षा शिकवणारा कोण, हे आधी पाहा

उमरखेड : इथून कोणत्याही दिशेला निघालात तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. पण पाण्याखालच्या गुहांचे व्हिडिओ पैनगंगेच्या काठावरच्या मोबाइलवरही येतातच. नोकरीसाठी पुण्या-हैदराबादला गेलेले तरुण मालवणला स्कूबा करून येतात आणि त्यातल्या काहींना पुढची पायरी खुणावते : गुहेत उतरायचं सर्टिफिकेट. ते देणाऱ्या संस्था अनेक आहेत. ते कोणाच्या हाताखाली मिळवायचं, हा खरा प्रश्न आहे. इथे शिकवण्यात राहिलेली चूक परीक्षेच्या पेपरात दिसत नाही, ती गुहेतल्या अंधारात समोर येते.

केव्ह डायव्हिंग म्हणजे नेमकं काय?

सिलिंडर पाठीवर किंवा कुशीला बांधून पाण्याने भरलेल्या गुहेत शिरणं म्हणजे केव्ह डायव्हिंग. समुद्रातल्या साध्या स्कूबात काही बिघडलं, तर शेवटचा मार्ग उरतो तो सरळ वर येण्याचा. गुहेत वर दगडाचं छत असतं. ज्या वाटेने आत गेलात त्याच वाटेने बाहेर यायचं. एखादी फिन तळाच्या गाळाला लागली, तर काही सेकंदांत पाणी चहासारखं गढूळ होतं आणि टॉर्च असूनही हात दिसत नाही. अशा वेळी प्रवेशद्वारापासून बांधत आणलेला दोर, म्हणजेच गाइडलाइन, हाच बाहेरचा रस्ता असतो.

विहिरीत पोहणाऱ्याला हे सोपं जाईल का?

पोहता येणं कामाला येतं, पण सवय आड येऊ शकते. विहिरीत सूर मारणारा श्वास रोखून बुडी मारतो. स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा आहे : श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून घेतलेला श्वास रोखून वर आलात, तर फुप्फुसातली हवा पसरून दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकतं. ही सवय बदलण्यापासूनच प्रशिक्षण सुरू होतं.

मालवणचं स्कूबा आणि हे सर्टिफिकेट, यात फरक काय?

मालवण-तारकर्लीला बहुतांश पर्यटक करतात ती ओळखीची डाइव्ह असते. गाइड तुम्हाला धरून ठेवतो, यंत्रणा तोच सांभाळतो. फोटो मिळतो, व्हिडिओ मिळतो, पण त्याने तुम्ही डायव्हर होत नाही. खरी शिडी साधारण अशी आहे :

- ओपन वॉटर : पहिला खरा परवाना. खोलीची मर्यादा १८ मीटर.
- अॅडव्हान्स्ड ओपन वॉटर : मर्यादा ३० मीटर. दिशा ओळखणं, खोल डाइव्ह यांची तोंडओळख.
- कॅव्हर्न : गुहेचा दर्शनी भाग. बाहेरचा सूर्यप्रकाश दिसत राहील तिथपर्यंतच जायचं.
- इंट्रो टू केव्ह : प्रकाशाच्या पलीकडे, पण मुख्य दोरावरूनच, मर्यादित अंतर आणि मर्यादित हवा.
- फुल केव्ह : फाटे, वळणं, अधिक लांबीचा प्रवास.

पायऱ्यांची नावं आणि अटी टीडीआय, आयएएनटीडी, जीयूई किंवा अमेरिकेतल्या एनएसएस-सीडीएस या संस्थांनुसार थोड्या बदलतात. फ्लोरिडातले झरे आणि मेक्सिकोच्या युकातान भागातले ‘सेनोटे’ ही या प्रशिक्षणाची जगातली मोठी ठिकाणं. म्हणजे भारतातून जाणाऱ्याचे विमानभाडं, व्हिसा आणि सुट्ट्या यांतच बराच पैसा खर्च होतो. तिथे पोहोचल्यावर इन्स्ट्रक्टर पटला नाही तरी ‘आता आलोच आहोत तर’ म्हणून पाण्यात उतरण्याचा मोह होतो. म्हणून तपासणी घरूनच, पैसे भरण्याआधी करायची.

हवेचं गणित काय सांगतं?

१२ लिटरचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरला, तर त्यात ढोबळमानाने २,४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर हवा लागते असं धरलं, तर पृष्ठभागावर ती १२० मिनिटं पुरेल. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ६० मिनिटं. ३० मीटरवर दाब चौपट, म्हणून फक्त ३० मिनिटं. घाबरून श्वास दुप्पट वेगाने सुरू झाला, तर तिथे उरतात १५ मिनिटं.

म्हणून गुहेत ‘एक तृतीयांश’चा नियम पाळतात. एक भाग आत जाण्यासाठी, एक बाहेर येण्यासाठी, एक राखीव. वरच्या उदाहरणात ८०० लिटर संपले की मागे वळायचं. आता समजा, नेमक्या वळण्याच्या क्षणी जोडीदाराची यंत्रणा बंद पडली. तुमच्याकडे १,६०० लिटर उरले आहेत आणि दोघांना बाहेर यायला प्रत्येकी ८०० लागणार. हिशेब शून्यावर येतो. कोणी घाबरलं, वाट चुकली किंवा गाळाने वेग मंदावला, तर तो उणे होतो.

म्हणजे एक तृतीयांश ही शेवटची सीमा आहे. नवख्यांना घेऊन जाणारा चांगला इन्स्ट्रक्टर त्याच्या बराच आधी मागे वळतो. इन्स्ट्रक्टरशी बोलताना हे गणित त्याच्याकडून मांडून घ्या. ‘एक तृतीयांश असतं’ एवढ्यावरच तो थांबला, तर त्याला नियम पाठ आहे. त्यामागचं कारण तो शिकवेलच असं नाही.

अनुभवी स्कूबा इन्स्ट्रक्टर चालत नाही का?

नाही. फ्लोरिडातल्या अनेक गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली यमदूताचं चित्र असलेले इशाराफलक आहेत. अशा गुहांत ३०० हून अधिक डायव्हर दगावले असून त्यांत ओपन वॉटरचे इन्स्ट्रक्टरही होते, असं त्यावर लिहिलेलं आहे. समुद्रात हजार डाइव्ह केलेला माणूसही गुहेत नवखाच असतो.

अमेरिकी केव्ह डायव्हर शेक एक्स्ली यांनी गुहांमधल्या अपघातांचा अभ्यास करून १९७९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्या परंपरेतून पुढे पाच नियम रूढ झाले : प्रशिक्षणाच्या मर्यादेत राहा, बाहेरपर्यंत अखंड दोर ठेवा, हवेचा एक तृतीयांशचा नियम पाळा, ठरलेल्या खोलीपलीकडे जाऊ नका, किमान तीन दिवे जवळ ठेवा. प्रशिक्षण या यादीत पहिलं आहे.

२०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा फुटबॉल प्रशिक्षक अडकले, तेव्हा हाच फरक जगाने पाहिला. थाई नौदलाचे पाणबुडे धाडसी होते, पण त्यांचं प्रशिक्षण गुहेसाठीचं नव्हतं. २ जुलैला मुलांपर्यंत प्रथम पोहोचले ते रिक स्टँटन आणि जॉन व्होलँथेन हे ब्रिटिश केव्ह डायव्हर. हा छंद जोपासणारे. त्यातले एक निवृत्त अग्निशामक. ६ जुलैला नौदलाचे माजी पाणबुडे समन कुनान हे गुहेत सिलिंडर पोहोचवून परतताना बेशुद्ध पडले आणि दगावले. १० जुलैपर्यंत सगळी मुलं आणि प्रशिक्षक बाहेर आले. या मोहिमेत पाणी उपशासाठी तांत्रिक मदत करायला किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ गेले होते. त्यात सांगलीचे प्रसाद कुलकर्णीही होते.

इन्स्ट्रक्टरला कोणते प्रश्न विचारायचे?

१. तुम्ही नेमकं काय शिकवू शकता? कॅव्हर्नचा इन्स्ट्रक्टर फुल केव्ह शिकवू शकत नाही. त्याचा सदस्य क्रमांक घ्या आणि संस्थेच्या वेबसाइटवर किंवा ई-मेल करून तपासा. परवाना चालू आहे ना, हेही विचारा.

२. विद्यार्थी नसताना तुम्ही गुहेत शेवटचं कधी उतरलात? जो स्वतःसाठी डाइव्ह करतो, त्याचं कौशल्य ताजं राहतं. ज्या गुहांमध्ये शिकवणार त्या त्याला किती ठाऊक आहेत, तेही कळतं.

३. एका वेळी किती विद्यार्थी? गुहेच्या कोर्समध्ये तीन-चार हीच मोठी संख्या. एक-दोन असतील तर उत्तम. सहा-सात जणांची बॅच सांगितली, तर फोन ठेवा.

४. कोणाला नापास केलंय का? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. कोणालाच कधी थांबवलं नसेल, तर तिथे कार्ड विकलं जातंय. ‘दोघांना सांगितलं, आणखी २० डाइव्ह करून या’ असं उत्तर मिळालं, तर तुम्ही योग्य माणसाशी बोलताय.

५. अंधारातला सराव किती? डोळे झाकून दोर धरत बाहेर येणं, हरवलेला दोर शोधणं, एकाच सिलिंडरवर दोघांनी येणं. अरुंद जागेतून एकामागे एक जाता यावं म्हणून केव्ह डायव्हर सुमारे दोन मीटर लांबीची होज वापरतात. हे सगळं आधी जमिनीवर, मग उघड्या पाण्यात, मग गुहेत, असा क्रम हवा.

६. फीमध्ये काय धरलंय? साहित्य, हवा, प्रवेश शुल्क, संस्थेचं कार्ड. मुख्य म्हणजे दिवस वाढले किंवा कोर्स पूर्ण झाला नाही, तर काय? हे लेखी घ्या. ‘पास होण्याची हमी’ लिहून मिळत असेल, तर तो कोर्स घेऊ नका.

७. अपघात झाला तर? ऑक्सिजन किट कुठे आहे, सर्वांत जवळचं रिकम्प्रेशन चेंबर कुठे आहे, फोन कोण करणार. अडखळत उत्तर आलं, तर योजना नाही असं समजा. डायव्हिंगचा विमाही स्वतंत्र घ्यावा लागतो. नेहमीच्या ट्रॅव्हल विम्यात गुहेतलं डायव्हिंग अनेकदा वगळलेलं असतं.

याशिवाय दोन जुन्या विद्यार्थ्यांशी बोला. ‘मजा आली का’ असं विचारू नका. ‘एखादी डाइव्ह त्यांनी अर्ध्यातून थांबवली का, आणि का?’ असं विचारा. कोणत्याही डायव्हरने, कोणत्याही क्षणी, कारण न देता अंगठा वर केला की डाइव्ह संपते, हा या क्षेत्रातला अलिखित कायदा आहे. विद्यार्थ्याने अंगठा वर केल्यावर तोंड वाकडं करणारा इन्स्ट्रक्टर धोकादायक असतो.

महाराष्ट्रात याचा काय संबंध?

सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ, जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ पाण्याखाली ठेवून संग्रहालय उभारण्याची राज्याची योजना आहे. बाहेरून जहाज पाहणं वेगळं आणि आत शिरणं वेगळं. आत गेलात की डोक्यावर पोलादी छत आलं आणि गुहेचेच नियम लागू झाले. ‘चला, आत एक फोटो काढू’ म्हणणाऱ्या गाइडला नाही म्हणता यायला हवं.

धोका फक्त पाण्याखालीच नसतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. बोटीवर माणसं किती, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट आहे का, हेही तपासण्यात धरा.

उमरखेडसारख्या गावातून सुरुवात कशी करायची?

घाई न करता. डायव्हिंगसाठीची वैद्यकीय प्रश्नावली आधी भरा. दमा, कानाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. ओपन वॉटरची थिअरी घरी बसून ऑनलाइन करता येते, पुढचा सराव पोहण्याच्या तलावात आणि शेवटच्या डाइव्ह समुद्रात होतात. तारकर्लीत राज्य पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. गोवा आणि अंदमानातही केंद्रं आहेत.

ओपन वॉटरच्या इन्स्ट्रक्टरची परीक्षा घ्यायला एक साधा प्रश्न पुरेसा आहे : ‘शेवटच्या डाइव्हनंतर घाटाने परत जायला किती वेळ थांबू?’ डाइव्हनंतर शरीरात जास्तीचा नायट्रोजन राहतो आणि उंचीवर तो बुडबुड्यांच्या रूपाने त्रास देऊ शकतो. विमानासाठी एका डाइव्हनंतर १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबण्याची शिफारस आहे. मालवणहून परतीच्या वाटेवरचं आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. तुमच्या डाइव्ह किती खोल होत्या, किती झाल्या, हे विचारून मग उत्तर देणारा इन्स्ट्रक्टर विचार करतो. ‘काही होत नाही, निघा’ म्हणणारा करत नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षं समुद्रात डाइव्ह करा, प्रत्येकीची नोंद ठेवा आणि मग गुहेचा विचार करा. तोवर इन्स्ट्रक्टर शोधायलाही वेळ मिळेल, आणि त्याने ‘अजून तयारी नाही’ म्हटलं तर ते ऐकून घेण्याची तयारीही होईल.